शंभर टक्के निकाल आणि नववीतली पोरं

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत ठाणे-बेलापूर रोडच्या कडेनं फ्लेक्सचं पीक येतं, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत. क्लासवाल्यांचे फ्लेक्स वेगळे, शाळांचे वेगळे, आणि दोन्हीकडच्या मुलांचे फोटो घेऊन वर स्वतःचा मोठा फोटो टाकणाऱ्या भावी नगरसेवकांचे वेगळे. एकच मुलगी तिन्ही फ्लेक्सवर दिसते, बिचारी एकाच युनिफॉर्ममधल्या एकाच पासपोर्ट फोटोत. आणि शाळांच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरात, निकाल 100 टक्के, उज्ज्वल यशाची परंपरा कायम.

मी अकाउंट्सचा माणूस आहे. कुठलाही टक्का दिसला की तो कशाचा टक्का हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, ऑफिसमध्ये यावरून लोक वैतागतात, घरी तर जास्तच. तर शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के? शाळेत होती त्यांचे, फॉर्म भरला त्यांचे, की पेपरला बसली त्यांचे?

बोर्डाचंच उदाहरण घेऊ. 2025 चा राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. त्या वर्षी नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी झाली 15,58,020, परीक्षेला प्रत्यक्ष बसले 15,46,579, पास झाले 14,55,433. कॅल्क्युलेटर काढून बघा, 94.10 हा बसलेल्यांवर काढलेला टक्का आहे. नाव नोंदवलं पण पेपरला आलीच नाहीत अशी 11,441 मुलं टक्क्यात कुठेच नाहीत, ना पास ना नापास. यात बोर्डाची काही लबाडी नाही, आकडे तेच जाहीर करतात, प्रेस नोटमध्ये सगळं असतं. पण बातमीत येतो तो टक्का, आणि टीव्हीवर येते ती विभागांची शर्यत, कोकण पहिला 98.82, नागपूर शेवटी 90.78, आपण मुंबई विभागवाले मध्ये कुठेतरी. बोर्डाचं विभागीय ऑफिस इथेच वाशीला आहे, त्यामुळे छायाप्रत काढायला नाहीतर मार्कशीटवरचं आईचं नाव दुरुस्त करायला आमच्या भागातल्या बऱ्याच घरांनी तिथे एकदा तरी फेरी मारलेली असते, पण तिथल्या आकड्यांकडे कोण बघतंय.

बरं हा टक्का तरी किती पक्का? 2018 ला निकाल होता 89.41. 2019 ला झाला 77.10. एका वर्षात बारा टक्के मुलं अचानक ढ झाली का? नाही, त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 मार्क काढून टाकले आणि सगळा पेपर लेखी केला. मग ओरड झाली, आपली मुलं अकरावीच्या ऍडमिशनमध्ये सीबीएसई-आयसीएसईवाल्यांच्या मागे पडतात म्हणून, ते 20 मार्क परत आले आणि 2020 ला निकाल 95.30. पुढच्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही तर 99.95. शाळा त्याच, सर-मॅडम त्याच, गळकी छपरं तीच, आणि टक्का सत्याहत्तरपासून जवळजवळ शंभरपर्यंत फिरून आला. अंतर्गत 20 पैकी शाळेनं अठरा दिले (आणि देतात, कोण नाही देत) तर पास व्हायला लेखी 80 पैकी सतराच लागतात. मी मुलांच्या विरोधात बोलत नाहीये हां, पास झालं की पास, त्याचा आनंद खरा असतो. मी फक्त एवढंच म्हणतोय की या आकड्यावरून शाळा चांगली की वाईट ठरवणं अवघड आहे, आणि आपण सगळे तर त्याच आकड्यावरून ठरवतो.

मी स्वतः शहापूरचा. आता आसनगावला उतरून रिक्षा केली की बायपासच्या हॉटेलांमुळे गाव ओळखू येत नाही, पण माझ्या लहानपणी बाजारपेठ, एसटी स्टँड आणि शाळा एवढंच गाव. भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात, मुंबईला पाणी आम्ही पाजायचं आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पण आम्हीच बघायची, ते एक वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. तर सांगत होतो शाळेचं. गाव छोटं असलं की शाळेचा निकाल हा सगळ्या गावाचा निकाल असतो. अमक्याचा मुलगा गणितात गेला हे त्याच्या घरी कळायच्या आधी पिठाच्या गिरणीवर कळलेलं असायचं. ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, शाळेत जाऊन मार्कशीट घ्यायची, आणि सर ती हातात देताना चेहऱ्यावर काहीच दाखवायचे नाहीत, तो एक छळ होता. पण एक गोष्ट मला आता आठवून नवल वाटतं, आमच्या वर्गात नववीत दोन-दोन वर्ष काढलेली पोरं होती, मिसरूड फुटलेली, शेवटच्या बाकावर बसणारी, कबड्डीत शाळेला जिंकून देणारी. ती नापास व्हायची, मार खायची, पण शाळेतच असायची. दहावीला बसायची, पुन्हा नापास व्हायची आणि शाळेचा निकाल खाली आणायची. शाळेला त्याचं फार काही वाटायचं नाही, कारण निकाल सगळ्यांचेच कमी असायचे, आणि फ्लेक्स नव्हता. हेडसर प्रार्थनेला सांगायचे यंदा आपला निकाल अमुक लागला, आणि पुढच्या सूचनेवर जायचे.

जुनं ते सोनं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. त्या मिसरूडवाल्यांना शाळेनं शिकवलं असं काही नव्हतं, ठेवून घेतलं होतं एवढंच. आणि गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली मुलं तर नववीपर्यंत पोचायचीच नाहीत. दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर, ती पावसाच्या तोंडावर परत. अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. दहावीची परीक्षा नेमकी भट्टीच्या सीझनमध्ये पडते, 2025 ला तर 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली, मार्चचीही वाट बघितली नाही. ज्या मुलाचे आईबाप भिवंडीकडे भट्टीवर आणि तो आश्रमशाळेच्या हॉस्टेलला, त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करायला तरी कोण असतं.

आता मुद्द्यावर येतो. गेली काही वर्ष मी रविवारी ऐरोली-दिघा पट्ट्यातल्या दहावीच्या मुलांचं गणित घेतो, एका मंडळाच्या हॉलमध्ये, आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, कोणी सायन्स घेतं, एक बँकेतून रिटायर झालेल्या ताई इंग्लिश घेतात. फी नाही, नाव नाही, बॅनर नाही. येणारी मुलं बरीचशी महापालिकेच्या शाळांतली, थोडी जवळपासच्या अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतली. या रविवारांमुळे मला ते कळलं जे फ्लेक्सवर कधी येत नाही, की शंभर टक्के निकाल दहावीत लागतच नाही, तो नववीत लागतो.

कसं ते सांगतो. आठवीपर्यंत मुलाला शिक्षणहक्क कायद्याचं कवच आहे, 2010 पासून. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणलीये, तिथे मागे ठेवता येतं, पण शाळेतून काढता येत नाही. दुपारची खिचडी पण आठवीपर्यंतच, सरकारी योजनेतली फुकट पुस्तकं पण आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकलं की हे सगळं एकदम संपतं, एकाच जूनमध्ये. मूल चौदा-पंधराचं, म्हणजे नेमकं कामाला लावण्याजोगं झालेलं, अभ्यास अचानक अवघड, बीजगणित-भूमिती वेगळी पुस्तकं, आणि शाळा पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून विचार करायला लागते की हा पुढच्या वर्षी माझ्या निकालाचं काय करेल.

मग पहिल्या घटक चाचणीतच यादी तयार होते. कागदावर नाही, सरांच्या डोक्यात. दुसऱ्या सत्रात पालकांना बोलावणं जातं. येते बहुतेक आईच, कारण वडील मजुरीसाठी नाक्यावर गेलेले असतात, ती चार घरची कामं मागेपुढे करून येते, केबिनमध्ये खुर्चीच्या टोकावर बसते. तिला कोणी ओरडत नाही, अगदी गोड बोलतात. ताई, याला झेपत नाहीये, नववीत नापास केला तर वर्ष वाया जाईल, त्यापेक्षा तुम्ही दाखला घेऊन जा, 17 नंबरचा फॉर्म भरा, डायरेक्ट दहावीला बसेल, वर्ष वाचेल. तिला वर्ष वाचेल एवढंच ऐकू येतं. मग एक अर्ज पुढे येतो, मी माझ्या पाल्याचा दाखला स्वखुशीने घेत आहे, खाली सही नाहीतर अंगठा. त्या स्वखुशीवर शाळेचा पुढच्या वर्षीचा फ्लेक्स उभा असतो.

17 नंबरचा फॉर्म ही मुळात वाईट गोष्ट नाही, उलट फार चांगली सोय आहे. कमीत कमी पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण असलं की शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, कंपनीत हेल्पर असलेली पोरं, ड्रायव्हर, वॉचमन, कितीतरी जण यातून दहावी झालेत आणि पुढेही गेलेत. पण ती सोय आहे स्वतःहून येणाऱ्यासाठी. पंधरा वर्षाच्या पोराला शाळेतून उचलून तिथे टाकायचं म्हणजे त्याच्याकडून वर्ग, मास्तर, मित्र, पीटीचा तास सगळं काढून घ्यायचं आणि म्हणायचं आता तू अभ्यास कर. तो करत नाही. फॉर्म भरायची तारीख निघून जाते, कारण ती तारीख त्याला कोणी सांगतच नाही, आणि सांगितली तरी ऑनलाइन फॉर्म, आधार, दाखल्याची ओरिजिनल प्रत, मग संपर्क केंद्राच्या शाळेत जाऊन कागद जमा करायचे, हे आईला जमणार नाही आणि बापाला सुट्टी नाही. आणि बसलाच तर तो खासगी. खासगीवाल्यांचा निकाल बोर्ड वेगळा मोजतं, बातमीतला टक्का नियमितवाल्यांचा असतो, आणि ज्या शाळेनं त्याला चार वर्ष शिकवलं तिच्या खात्यात तो कुठेच दिसत नाही.

आमच्या सोसायटीत एकदा मेंटेनन्सची वसुली शंभर टक्के दाखवली होती, मी मॅनेजिंग कमिटीत नव्हतो तेव्हा. बघितलं तर थकबाकीदार आठ फ्लॅटची नावं वेगळ्या शीटवर टाकली होती. हे तेच आहे, फक्त इथे शीटवर माणसं आहेत.

सगळ्या शाळा असं करतात असं नाही. काही करतात, आणि करणाऱ्या सगळ्या पैसेवाल्याच आहेत असंही नाही, आणि मोठ्या शहरातच होतं असंही नाही, गावाकडचे मित्र सांगतात तेव्हा तेच ऐकायला येतं. छोट्या गावात उलट दडपण जास्त. दोन-तीनच शाळा, त्यांच्या संस्थांचे चेअरमन वेगवेगळ्या पक्षांचे, आणि शिक्षकांची पदं सरकारच्या संच मान्यतेत मुलांच्या संख्येवर ठरतात, म्हणजे निकाल पडला की पुढच्या जूनला पाचवी-आठवीचे प्रवेश पलीकडच्या शाळेत जाणार, पट घटणार, एखाद्या सरांची नोकरी अतिरिक्त होणार. मग ते सर नववीतल्या कच्च्या पोराकडे कसे बघणार? मला त्या सरांचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण पूर्ण येत नाही.

आता महापालिकेच्या शाळांबद्दल. नवी मुंबई महापालिका 1992 ला झाली, त्याआधी ही सगळी गावं ठाणे जिल्हा परिषदेची, शाळा पण तिच्याच. पुढे गावठाणातल्या त्या मराठी शाळांना महापालिकेचे नंबर मिळाले, इमारती मोठ्या झाल्या, हिंदी, इंग्लिश, उर्दू माध्यमं आली, आणि काही ठिकाणी माध्यमिकचे वर्ग सुरू झाले. आगरी-कोळी भूमिपुत्रांची मुलं त्या शाळांतून हळूहळू इंग्लिश मीडियमला गेली आणि त्यांच्या बाकांवर एमआयडीसी, दगडखाणी आणि एपीएमसी मार्केटच्या आधारानं आलेल्यांची मुलं बसली. आमच्या रविवारच्या वर्गात जालना, बीड, सोलापूर, कलबुर्गी, जौनपूर सगळं आहे. एक मुलगी घरी बंजारा बोलते, शेजारी हिंदी, शाळेत मराठी, आणि त्रिकोणमितीतलं साइन-कॉस इंग्लिश. एवढ्या चार भाषांतून जाऊन ती गणित सोडवते आणि उत्तर चुकलं की माझ्याकडेच बघते जणू मी चुकवलं.

या मुलांची अवस्था गोड नाहीये. दहावीत आलेल्या मुलाला दोन अपूर्णांकांची बेरीज येत नाही हे मी दरवर्षी बघतो. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश, वरचे वर मिळवले खालचे खाली, आणि अगदी आत्मविश्वासाने. असर नावाच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात पाचवीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला देतात आणि तो बऱ्याच जणांना वाचता येत नाही, ती बातमी आपण वाचतो आणि हळहळतो, तो सर्वे खेड्यांतला असतो म्हणून जरा निवांत पण असतो. ती पाचवीतली मुलं शहरातही आहेत आणि ती पाच वर्षांनी माझ्यासमोर बसतात. यात महापालिकेच्या शाळांचा दोष आहेच. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, त्या ठोक मानधनावर नाहीतर तासिका तत्त्वावर भरलेल्या, जून-जुलै गणिताला कोणी नाही, ऑगस्टमध्ये एक मॅडम आल्या, त्यांचं दुसरीकडे काम झालं तर दिवाळीनंतर गेल्या. जे कायम आहेत त्यांच्यामागे बीएलओची ड्युटी, मतदार याद्या, सर्वे, ऑनलाइन माहिती भरणं, आजच्या आज पाठवा. त्यात सुंदर शाळेची स्पर्धा निघाली, तर भिंतींवर झाडं-फुलपाखरं रंगवली गेली, छान दिसतात, मला आवडतात, पण अपूर्णांक काही फुलपाखरांनी शिकवले नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी माझी ओळख झाली ती भांडणातून. मी तावातावाने विचारायला गेलो होतो की ही मुलं दहावीत आलीच कशी, तुम्ही नववीत बघितलं नाही का. बाई शांत, बारीक चणीच्या, टेबलावर हजेरीपटांचा ढीग. म्हणाल्या, सर, मला पण शंभर टक्के निकाल लावता येतो हो, नववीतली दहा-बारा जणं काढली की झालं, त्यात काय अवघड आहे. आमचा निकाल ऐंशी-नव्वदच्या मध्ये फिरतो, वरून दरवर्षी विचारणा होते, शेजारची शाळा शंभर आणि तुम्ही का नाही, खुलासा द्या. मी खुलासा देते. आणि मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी विसरलेलो नाही. त्यांनी दोन हजेरीपट काढले, एक दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा आणि एक चालू दहावीचा, आणि म्हणाल्या नावं जुळवा. मी अकाउंट्सवाला, जुळवत बसलो. बहुतेक नावं जुळली. जी नव्हती त्यांच्यापुढे पेन्सिलने लिहिलेलं, गावी गेले, कर्नाटक, लग्न (इथे मी थांबलो, बाई पण गप्प होत्या), दुसऱ्या शाळेत, पत्ता नाही. काढला असं एकही नव्हतं. आणि दहावीच्या पटात काही नावं अशी होती जी आठवीत नव्हतीच, ती कुठून आली विचारलं तर म्हणाल्या, काही गावाकडून आली, आणि काही शेजारच्या शंभर टक्क्यातून.

तेव्हापासून मला निकाल बघायची एक वेगळी सवय लागलीये आणि ती कोणालाही लावता येईल अशी आहे. युडायस प्लस म्हणून शाळांच्या माहितीची सरकारी साइट आहे, तिच्यावर नो युअर स्कूल म्हणून भाग आहे, तिथे शाळेचं नाव किंवा युडायस नंबर टाकला की इयत्तावार पटसंख्या दिसते, वर्ष बदलून मागची पण बघता येते. दोन वर्षांपूर्वीची आठवी बघायची, गेल्या वर्षीची नववी बघायची, आणि यंदा दहावीला किती बसली ते बोर्डाच्या शाळानिहाय निकालात बघायचं. तीन आकडे शेजारी लिहायचे, बस्स. आठवीला साठ, नववीला अठ्ठावन्न, दहावीला एकोणचाळीस आणि निकाल शंभर टक्के, असं काही दिसलं तर त्या शाळेच्या गेटवर पेढे वाटत असले तरी एक प्रश्न विचारा की बाकीची कुठे गेली. उत्तर सरळ पण असू शकतं. आमच्या भागात लोकं भाड्याची खोली बदलतात, एखादी झोपडपट्टी हलते, गावी शेतीत कोणीतरी वारतं आणि अख्खं कुटुंब परत जातं. पण स्थलांतर आठवीत पण होतं आणि नववीत पण होतं, ते फक्त दहावीच्या तोंडावर आणि फक्त कच्च्याच मुलांचं होत असेल तर ते स्थलांतर नाही.

मी सोसायटीतल्या काही लोकांना हे समजावायचा प्रयत्न केला. एका काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण तुमचा मुलगा कुठे शिकतो? बरोबर विचारलं. माझा मुलगा प्रायव्हेट इंग्लिश मीडियमला आहे, ते लपवण्यात काय अर्थ आहे, आणि त्याला महापालिकेत घालायची हिंमत माझ्या घरात होणार नाही. गंमत म्हणजे त्याच काकांची सून यंदा महापालिकेच्या सीबीएसई शाळेचा फॉर्म भरणार आहे नातीसाठी. सीवूड्स आणि कोपरखैरण्याला महापालिकेनं सीबीएसई सुरू केल्यापासून तिथे प्रवेशाला झुंबड, सोडत काढावी लागते. म्हणजे महापालिकेची शाळा नको असं लोकांचं नाहीच मुळी, फी नसलेली चांगली शाळा कोणाला नको? त्यांना नको आहेत त्या शाळेतले शेजारी. हे काका तोंडावर कबूल करणार नाहीत. मीही चारचौघांत करणार नाही, इथे लिहितोय.

आणि मला ज्या गोष्टीचं उत्तर सापडत नाही ती अशी. बाईंनी सगळ्यांना ठेवून घेतलं, मग त्यातले काही नापास होतात. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला काही निघतात, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी मिळते, पण काही तिथेच राहतात. शंभर टक्केवाल्यांनी ज्याला काढलं तोही दहावी नापासच आणि बाईंनी ज्याला ठेवलं तोही नापासच, मग फरक काय पडला? आमच्या ग्रुपमधला सायन्सवाला मित्र हाच वाद घालतो, म्हणतो तू भावनेत वाहतोयस, शेवटी हातात काय, तर नापासाची मार्कशीट. माझं म्हणणं की दोन वर्ष जास्त शाळेत राहिला, रोज सकाळी आंघोळ करून कुठेतरी जायचं होतं त्याला, प्रॅक्टिकल केलं, दहावीच्या सेंड-ऑफला सगळ्यांबरोबर फोटोत उभा राहिला, आणि त्या मार्कशीटवर काही विषय पास असं लिहिलेलं आहे, ते विषय सवलतीत धरता येतात, उरलेलेच द्यायचे. काढलेल्याच्या हातात फक्त दाखला असतो, नववीचा. मुलींच्या बाबतीत तर सरळ आहे, शाळेत नाव आहे तोवर स्थळं बघणं पुढे ढकललं जातं, हे मला बँकवाल्या ताईंनी सांगितलं, त्यांनी त्यांच्या वर्गातल्या मुलींकडून ऐकलेलं. मित्राला हे पटत नाही. आमचा वाद चालू आहे, चहा तो पाजतो.

शेजारच्या शंभर टक्क्यातून आलेला एक मुलगा सध्या माझ्या वर्गात आहे. त्याच्या आईनं पण त्या स्वखुशीच्या अर्जावर सही केली होती, ती तुर्भ्याच्या मार्केटमध्ये कांदा निवडायला जाते, शेजारणीनं तिला बाईंकडे जा म्हणून सांगितलं म्हणून गेली, नाहीतर आज तो पण मार्केटलाच असता. बाईंनी त्याला नववीत घेतलं, नववी पुन्हा करायला लावली, आणि यंदा तो दहावीत आहे. हुशार वगैरे अजिबात नाही, तसं सांगून मी गोष्ट रंगवणार नाही. भाग 1 चं बीजगणित आता बरं जमतं, वर्गसमीकरणं तर उड्या मारत सोडवतो, भूमिती भाग 2 मात्र शून्य, प्रमेय म्हटलं की त्याचा चेहरा एसटी चुकल्यासारखा होतो. दोन्ही पेपर चाळीस-चाळीसचे, त्यामुळे बीजगणितावर गणित निघेल अशी मला आशा आहे, इंग्लिशचं ताईंना विचारा, त्या काही बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात बाईंना म्हटलं याचं काठावरच आहे हं, तर म्हणाल्या माहितीये, मी फॉर्म नियमितमधूनच भरलाय. म्हणजे तो गेला तर बाईंचा निकाल खाली येणार आणि खुलासा पण बाईच लिहिणार. मी त्यांना भूमितीसाठी बुधवारी संध्याकाळी पण वर्ग घेऊ का विचारलंय, हॉलवाल्यांचा होकार यायचाय.